मोहाखालची मोजणी

डोमाजींना आमच्या बागेत सरळ चालताना मी कधी पाहिलं नाही. फाटकातून आत आले की सात पावलं नाकासमोर, मग एकदम डावीकडे वळण, मग चार पावलं, मग समोर काहीही नसताना एक छोटासा वळसा आणि पुन्हा सरळ. नव्या माणसाला वाटतं, म्हातारबुवा सकाळी सकाळीच टाकून आलेत. डोमाजी आयुष्यात कधी प्यायले नाहीत. ते फक्त कबरी चुकवत चालतात.

कबरी बागेत नाहीत. म्हणजे दिसत नाहीत. दिसते ती हिरवळ, तीही अर्धी, दोन झोके, एक घसरगुंडी, मागच्या भिंतीला लागून पाण्याची टाकी आणि मधोमध एक जुनं मोहाचं झाड. पण बाग होण्याआधी इथे एक चर्च होतं आणि चर्चच्या भोवती कबरस्तान. शहराबाहेर नवं चर्च झालं, जुनं पडलं, आवारात बकऱ्या चरू लागल्या आणि मग कधीतरी तिथे बागेची पाटी लागली. आमच्याकडचे लोक अजूनही तिला ‘गिरजा’च म्हणतात. ‘गिरज्यात चाललो’ म्हणणारा माणूस ख्रिस्ती असेलच असं नाही, त्याला शुगर असते.

मीही त्याच कारणाने तिथे जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी दम लागला म्हणून एका बाकावर टेकलो, तर मागून आवाज आला, “उठा गुरुजी! साहेबाच्या पोटावर बसले तुम्ही.”

मी ताडकन उठलो. मागे डोमाजी उभे. पांढरा सदरा, खिशात दोन पेन, काखेत खाकी पुठ्ठ्याची वही.

“कोणता साहेब?”

“रोडवाला. साकोलीकडचा जुना रोड यानंच बांधला. हिवतापानं गेला. डोकं तिकडं, पाय तुमच्या चपलेखाली. जरासे अडीच फूट सरकून बसा, मंग काही हरकत नाही.”

मी अडीच फूट सरकलो. डोमाजींनी मान हलवली. “तीन सरकले. चालते.”

डोमाजी माझ्या गल्लीतलेच, चार घरं सोडून. मोजणी खात्यात उभी हयात गेली. आमचा जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला, त्या साली ते रिटायर झाले. तेव्हा सगळ्या कचेऱ्यांतून कागदांची वाटणी चालली होती. ट्रकात गठ्ठे चढत होते, उतरत होते, कोणाचे कुठे गेले याचा पत्ता कोणालाच नव्हता. त्या गडबडीत या जुन्या आवाराचा नकाशाही कुठेतरी गेला. डोमाजी म्हणत, “जमीन जागची हलली नाही, कागदच फिरून राहिले.” उरली ती त्यांची स्वतःची खाकी वही. नोकरीला लागल्या लागल्या त्यांनी हे आवार मोजलं होतं. तेव्हा दगड जागेवर होते. त्या मोजणीची कच्ची नोंद त्यांनी जपून ठेवली होती आणि म्हणून गोऱ्या साहेबांचा पत्ता या शहरात फक्त एका माणसाला ठाऊक होता.

“अंदाजे बोलू नोका” हे त्यांचं पेटंट वाक्य. बसस्टँड जवळच आहे असं कोणी म्हणालं की “अंदाजे बोलू नोका. बावीस साखळ्या.” साखळी हे त्यांच्या खात्याचं माप. भाजीवालीने वीतभर लांब दोडका म्हटलं की खिशातून फिता निघे. त्यांच्या लग्नाचा किस्सा तर शेवंताबाई, म्हणजे त्यांची बायको, कोणी आलं की सांगतातच. “मले पाहायले आले न गुरुजी, तं माझ्याकडं पाहेच ना! आमच्या ओसरीकडं पाहून राहिले. मंग उठले अन् पावलं टाकून मोजली. अन् माझ्या बाबाले म्हणाले, मामाजी, तुमची ओसरी शेजाऱ्याच्या जागेत दोन फूट गेली आहे. लगन मोडताच मोडता राहिलं बाप्पा!”

“मोडलं कुठं?” डोमाजी आतून. “ओसरी मागं घेतली त्यांनी.”

कबरींवरचे दगड बाग होण्याआधीच गायब झाले होते. कोणी नेले, हे डोमाजींना माहीत होतं आणि कोणाला विचारायची सोय नव्हती. एक दगड फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर पालथा पडला आहे, त्यावर स्टोव्ह असतो. डोमाजी तिथे चहा पितात, पण कप त्या दगडावर कधी ठेवत नाहीत. हात भाजला तरी ठेवत नाहीत. टपरीवाला म्हणतो, “ठेवा ना जी खाली.” तर हे म्हणतात, “मेमसाहेबाच्या डोक्यावर? पेटी वाजवत होती बिचारी. पालथं पाडलं तुम्ही तिले, तेवढं पुरे.”

लोक हसत. मीही हसे. त्यांच्या जुन्या वस्तीतल्या बुद्धविहारात तरुण पोरं त्यांना टोचत, “काहो आजोबा, इंग्रजांची एवढी सेवा कायले करता? आपले कोण लागतात थे?” डोमाजी चिडत नसत. “लागत कोणी नाहीत. मी मोजले आहेत. ज्यानं मोजलं त्याले ध्यानात ठेवा लागते.” मला हे उत्तर तेव्हा तऱ्हेवाईक माणसाचं वाटलं. त्याच्यामागे काही असेल अशी शंकाही आली नाही. शाळामास्तरला शंका पोरांवर येते, म्हाताऱ्यांवर येत नाही.

माझं अक्षर चांगलं आहे, हा माझा आयुष्यभराचा गुन्हा. त्यामुळे डोमाजींचे सगळे अर्ज माझ्याकडे. झोका चार फूट पूर्वेस सरकवण्याबाबत. लहान बाळाच्या कबरीवर माळ्याने शेणखताचा ढीग घातल्याबाबत. मी लिहायचो, ते वाचून म्हणायचे, “‘सुमारे’ काहून लिहिलं? सुमारे काढा.”

दर वर्षी जानेवारीत मात्र एक दिवस ते वेगळेच वागत. आदल्या दिवशी कटिंग करून येत. शेवंताबाईंकडून धोतर-सदरा कडक इस्त्रीचा मागत. सकाळी दहाला मला घेऊन बागेत हजर. साडेदहाच्या सुमाराला (डोमाजी माफ करोत) साकोलीच्या बसने एस्तरबाई येत.

एस्तरबाई म्हणजे रिटायर नर्स. पांढरी साडी, पांढरे केस, हातात कापडी पिशवी, पिशवीत शेवंतीची फुलं. जन्म याच शहरातला. बाप चर्चचा माळी होता. आई गेली तेव्हा याच आवारात तिला पुरलं होतं. आता बाई साकोलीला भाच्याकडे राहत. आई गेली त्या तारखेला येत, तासभर बसत आणि दुपारच्या बसने परत जात.

त्या आल्या की डोमाजी चप्पल काढत आणि मोजणी सुरू होई. दर वर्षी नव्याने! जुन्या चर्चच्या पायाचा एक कोपरा अजून जमिनीतून डोकं वर काढून आहे. तिथे फित्याचं टोक धरायचं काम माझं. पण त्याआधी डोमाजी ताठ उभे राहून हाक देत, “लगतवाले हजर?”

शेतीच्या मोजणीत शेजारच्या शेतकऱ्यांना बोलवावं लागतं, त्यांच्यासमोरच मोजावं लागतं. इथे शेजारी कोण? सगळे जमिनीखाली. पण हाक द्यायचीच. मग, “पंच हजर?” पंच म्हणजे मी. मी “हजर” म्हणे. मग फिता ताणला जाई, डोमाजी वाकून वाकून आकडे वाचत, काटकोनात वळत, पुन्हा वाकत, आणि शेवटी मोहाच्या झाडाखाली येऊन टाचेने मातीत रेघ ओढत. “इथं. बाई, बसा.”

एस्तरबाई बसत. फुलं ठेवत. डोळे मिटून काही पुटपुटत. डोमाजी दहा पावलांवर अनवाणी उभे, शाळेत राष्ट्रगीताला उभं राहावं तसे.

मी एकदा म्हटलं, “दर वर्षी कशाला मोजता? जागा काय हलते?”

“जागा हलत नाही. पण मोजणी ज्याची त्याच्या डोळ्यादेखत झाली पाहिजे. नाही तं त्याले भरोसा कसा येईन?”

असा मी सहा वर्षं पंच होतो. पेन्शनीनंतर इतका मान मला दुसऱ्या कोणी दिला नाही.

सातव्या वर्षी बागेत रंगीत कारंजं करायचं ठरलं. नगरपालिकेचे नवे इंजिनिअर साहेब आले, तरुण, बोलायला गोड. कारंजं बरोबर मोहाखाली. गोल हौद खणायचा, वायर टाकायची, मोहाच्या चार फांद्याही छाटायच्या. डोमाजी त्या संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात वही नव्हती. वहीशिवाय डोमाजी मी पहिल्यांदाच पाहिले.

“अर्ज लिहा गुरुजी. मोहाखाली एक बाई पुरली आहे. तिची लेक येते. तिथं खणता येत नाही.”

मी लिहिला. झकास लिहिला. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, “काका, मले काही हौस नाही कोणाच्या कबरीवर हौद बांधायची. पण वर काय दाखवू? नकाशा आणा. एक कागद आणा, जागा बदलून देतो. पुढच्या आठवड्यात आखणी आहे.”

बाहेर आल्यावर मी डोमाजींच्या पाठीवर थाप मारली. “झालं की काम! वही आहे ना आपल्याकडे.”

“पाहू,” डोमाजी म्हणाले.

पाहू? ज्या माणसाने आयुष्यात कधी ‘सुमारे’ खपवून घेतलं नाही, तो ‘पाहू’ म्हणतो? चार दिवस गेले. वही काही निघेना. साहेबांकडे जाऊ म्हटलं की यांचे गुडघे दुखत. शेवटी मी एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. शेवंताबाई ओसरीत लाखोळीची भाजी निवडत होत्या. त्यांनी नुसती हनुवटीने आत खूण केली. “पाहा जी तुम्हीच. जेवून नाही राहिले धड.”

डोमाजी खाटेवर बसले होते. वही मांडीवर.

“दाखवा ना ती साहेबाला,” मी म्हटलं. “कसलं कोडं घातलंय?”

“वहीत नाही गुरुजी.”

“काय नाही?”

“बाईची माय. वहीत नाही.”

त्यांनी पान उघडून माझ्यापुढे धरलं. सुरेख काम होतं. पेन्सिलीचे बारीक चौकोन, एक ते एकोणीस आकडे, प्रत्येकाची लांबीरुंदी. रोडवाला साहेब, पेटीवाली मेम, दोन महिन्यांचं बाळ. मोहाचं झाड. झाडाखाली काहीच नव्हतं. मागच्या भिंतीकडे तर कागद कोरा करकरीत होता.

“हे मागं,” डोमाजींनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, “इथं आपले लोक होते. माळी, दाई, कंपाउंडर. दगड कोणावरच नाही. लाकडाचे क्रूस, थेही उधईनं खाल्लेले. बाकी मातीचे उंचवटे. आमच्यात नियम होता, पक्की खूण घ्या, कच्ची सोडा. कच्ची खूण पाण्यापावसानं जाते, मंग तक्रारी येतेत. म्हणून मी सोडली. एका दिवसात मोजणी आटोपली. खात्याच्या साहेबानं पाठ थोपटली माझी.”

बाहेर शेवंताबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. त्या थांबल्या.

“जिल्हा फुटल्यावर पहिल्या साली ही बाई आली. म्हणाली, भाऊ, तुमाले सगळ्यांच्या जागा ठाऊक आहेत म्हणतेत, माझी माय कुठं आहे थे सांगा. मी वही उघडली. गोरे सगळे आहेत गुरुजी. आपला एक नाही. मीच नाही घेतला. मी, ज्याच्या बापाले कोणी आपल्या ओसरीवर चढू नाही देल्लं, त्या मी.” त्यांनी कोऱ्या जागेवरून तळहात फिरवला. “बाई दम खात उभी होती. ऊन होतं. मोहाखाली सावली होती. माझा फिता आपोआप तिकडं गेला.”

मला आधी रागच आला. सहा वर्षं मी फित्याचं टोक धरून ‘हजर’ म्हणत होतो, ते या थापेसाठी? मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. मी म्हटलं, “मग आता काढा एक चौकोन मोहाखाली. नंबर विसावा. कोण पाहायला येतंय?”

डोमाजींनी वही मिटली. “तोंडानं बोललो खोटं. वहीत नाही लिहिणार. विसावा खोटा लिहिला तं बाकीचे एकोणीसही खोटे होतीन.”

मी शेवंताबाईंनी दिलेला चहा पिऊन घरी आलो.

आखणीचा दिवस नेमका बाईंच्या आईचाच दिवस निघाला. आम्ही पोहोचलो तेव्हा साहेब दोन मजूर आणि चुन्याची फक्की घेऊन मोहाखाली उभे. एस्तरबाई फाटकातून येत होत्या. या वर्षी हातात काठी होती. डोमाजींनी चप्पल काढली. फिता काढला. “लगतवाले हजर?” ही हाक मला जेमतेम ऐकू आली. मी टोक धरलं. ते वाकले, वळले, वाकले, आणि मोहाखाली पोहोचले, पण टाच काही उचलेना. नुसतेच उभे राहिले.

साहेब बाईंजवळ गेले. “आजी, काकांकडं कागद काही नाही. तुमाले तरी नक्की माहीत आहे का, तुमची आई इथंच आहे?”

आता बाई म्हणणार, मला काय माहीत, हे भाऊ सांगतात. आणि साहेब डोमाजींकडे वळून विचारणार. डोमाजी साहेबापुढे खोटं बोलणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बाईंच्या समोरच सगळं उघडं पडणार.

एस्तरबाईंनी काठी मोहाला टेकवली. “हाव. मी बारा वर्षाची होती. या हातानं माती लोटली मी. माझी माय इथंच आहे.”

साहेबांनी मजुरांकडे पाहिलं. “चला रे. फाटकाकडं घेऊ हौद. आजी सांगून राहिल्या म्हणून लिहितो.” फक्कीची घमेली उचलली गेली. बाई खाली बसल्या, फुलं ठेवली, डोळे मिटले. डोमाजी दहा पावलांवर उभे होते, पण मान खाली. एकदाही वर पाहिलं नाही.

तासाभराने बाई उठल्या. काठी होती म्हणून मी म्हटलं, “बसपर्यंत सोडतो.” डोमाजी फिता गुंडाळत मागेच राहिले. बाई म्हणाल्या, “गुरुजी, मागच्या फाटकानं जाऊ.” मागचं फाटक म्हणजे लांबचा फेरा. पण गेलो. टाकीपाशी येताच त्या थांबल्या. पिशवीत हात घातला. एक शेवंती मागे ठेवली होती. ती त्यांनी टाकीच्या सिमेंटच्या खांबाच्या बुडाशी ठेवली आणि खांबाला हात लावला.

मी पाहतच राहिलो.

“माझी माय इथं आहे गुरुजी,” त्या म्हणाल्या. “या खांबाखाली. बारा वर्षाचं लेकरू मायची जागा विसरते का?”

“मग मोहाखाली?”

“पहिल्या साली आली न, तं इथं टाकी. कोणाले विचारू काही समजे ना. कोणी म्हणे, ते मोजणीवाले डोमाजी आहेत, त्यांले पुसा. पुसलं. वहीत पाहून त्यांचं तोंड एवढंसं झालं. मंग मुकाट्यानं फिता काढला अन् त्या उन्हात वाकून वाकून मोजत गेले. शेवटी चप्पल काढून उभे राहिले. माझी माय दुसऱ्याच्या घरची भांडी घासून मेली, गुरुजी. तिच्यासाठी कोणी चप्पल काढली नव्हती.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “मी म्हटलं, बसू दे मायले सावलीत.”

“पण आज तुम्ही साहेबासमोर...”

“हाव, बोलली खोटं. देव पाहून घेईन. वर्षातून एक दिवस या माणसाच्या मोजणीचं कोणाले काम पडते. तेही बंद करू का?” आम्ही स्टँडवर पोहोचलो तेव्हा बस लागली होती. पायरीवर चढताना त्या वळल्या. “भाऊले सांगू नोका बरं.”

मी परत आलो तेव्हा डोमाजी बाकावर बसले होते, अडीच फूट सरकून. फिता ओल्या फडक्याने पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, “माझ्या खोट्यावर त्या बाईनं साहेबासमोर साक्ष देल्ली गुरुजी. मले सहन होऊन नाही राहिलं. पुढल्या साली सांगून टाकीन. पाया पडीन अन् सांगीन.”

एका शब्दात त्यांचं ओझं उतरलं असतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण सांगितलं असतं तर पुढच्या जानेवारीत यांनी इस्त्रीचा सदरा कोणासाठी मागितला असता? मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हटलं, “सांगू नका.”

“काहून?”

“त्या इतक्या लांबून येतात ते तुमची मोजणी पाहायला येतात. मी पंच आहे. मला माहीत आहे.”

समोर फाटकाजवळ मजूर चुन्याचा गोल काढत होते, तो वाकडा निघत होता, तरी डोमाजींनी कोणाला हटकलं नाही. मग त्यांनी फित्याचं टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

“मंग फिता नवा घ्यावा लागन. याचे आकडे पुसून राहिले,” ते म्हणाले. “मोठ्या आकड्यांचा पाहू गुरुजी. बाईले आता कमी दिसत असन.”